उसनं

सहा वाजलेत. उजाडायला अजून चार तास.
जानेवारीत आमच्या फेरो बेटांवर सूर्य
पाहुण्यासारखा येतो,
टेकतो न टेकतो तोच निघतो.

हानुसच्या पलंगापाशी उभी आहे मी.
त्याचं उजवं अंग गेल्या मार्चपासून
दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं पडून असतं.
तीस वर्षं या माणसाने ट्रॉलरवर
बर्फ धरलेली जाळी ओढली,
आणि आता मोजा चढवायचा तर
त्याचं पाऊल मी हातात घेते,
मासा धुवायला घ्यावा तसं, दोन्ही हातांनी.

तो ब्याण्णव किलो.
मी अठ्ठावन्न, वय एकसष्ट.
हे गणित, प्रभू, तुझ्यासमोर रोज मांडते,
रोज उत्तर चुकतं,
आणि रोज तो खुर्चीत बसलेला असतो.

बिर्ना म्हणून पोरगी येते बोगद्यातून गाडी घेऊन,
मंगळवारी आणि शुक्रवारी.
तिनेच शिकवलं:
सुन्नुवा, उचलू नकोस, कंबर जाईल.
गुडघ्याला गुडघा लाव, पट्टा धर
आणि मागे रेल. स्वतःला पडू दे मागे.
तुझ्या पडण्यानेच तो उभा राहील.

पुढून चौथ्या बाकावर साठ वर्षं बसले मी,
खिडकीकडच्या टोकाला,
पण विश्वास म्हणजे काय
हे इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.
तिला हे बोलले नाही. ती चर्चला येत नाही.

मग मी मोजते. एक. दोन.
तीनच्या जागी तुझं नाव,
मोठ्याने नाही,
जड पातेलं उतरवताना तोंडून निघतं तेवढंच.
रेलते.
मी पडतेय की तो उठतोय
हे ठरायच्या आधीचा जो क्षण,
त्यात तू असतोस असं म्हणायचं धाडस नाही मला.
इतकंच, की मी अजून पडलेली नाही.

पडले. खोटं कशाला बोलू.
वादळाचा गुरुवार, रस्ता बंद, वीज गेलेली,
त्याचा पाय गालिच्यात अडकला
आणि आम्ही दोघं जमिनीवर,
तुझं नाव घेऊनसुद्धा.
तेव्हा तुला जे बोलले
ते आईने ऐकलं असतं तर थोबाडीत दिली असती.
हानुस ऐकत होता.
त्याला शब्द येत नाहीत, अर्थ सगळे येतात.
डाव्या हाताने त्याने पलंगावरची घोंगडी ओढली,
ओढत राहिला, कोपरा अडकला, पुन्हा ओढली,
आणि माझ्या गुडघ्यांवर टाकली.
स्वतःच्या नाही.

पाऊण तासाने तुम्मास आला.
चौऱ्याहत्तरचा, खुब्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेला,
अंगाला मेंढ्यांचा वास,
बगलेत वाळवलेल्या मटणाचा पुडा.
म्हणाला, खिडकीत मेणबत्ती दिसली नाही.
एकाचा खुबा, एकीची कंबर, एकाचं अर्धं अंग,
सगळं जुळवून
एक धड माणूस कसाबसा उभा राहिला.

मला वाटायचं, तुझं बळ येईल ते वाऱ्यासारखं येईल.
वारा तर बाहेर छपरं उडवत होता.
ते आलं लंगडत, बूट न पुसता.

आई सांगायची, शेजारून पीठ उसनं आणलं
तर वाटी रिकामी परत करू नये.
उसनं अवसान किती टिकतं ते मला ठाऊक आहे.
पण हे उसनं निराळं,
रोजच्या भाकरीसोबत मागितलेलं, आजच्यापुरतं,
उद्यासाठी झाकून ठेवावं तर विटणारं.
हे परत कुठे करायचं? वाटी कुणाच्या दारात ठेवू?

तुम्मासला फेब्रुवारीतली तारीख मिळाली आहे.
त्याच्या मेंढ्यांना चारा घालायला मी हो म्हणून बसले.
कसं जमणार, विचारू नकोस.
मीही तुला फार विचारत नाही हल्ली.

सहा वाजून दहा मिनिटं.
हानुस, पट्टा बांधलाय. गुडघा पुढे घे.
एक.
दोन.